कापूस वेचणाऱ्या हातांना स्वच्छ कापड हवे

(नेर येथे महिला बचत गटांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यवतमाळहून अमरावतीकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत आपले नेर परसोपंत लागते. दिवाळीच्या आगेमागे या रस्त्याच्या दोन्ही अंगांना बोंडे उमललेली असतात आणि पहाटेपासून वेचणीला निघालेल्या बायाबापड्यांचे जथे दिसू लागतात. वेचणीच्या आरंभी शेतात सीतादही करण्याची आपल्या वऱ्हाडात चाल आहे. कापसाला लक्ष्मी मानणारा हा मुलूख आहे. पण ज्या हातांनी ही लक्ष्मी वेचली जाते, त्या हातांच्या मालकिणीला महिन्यातून चार-पाच दिवस स्वतःसाठी स्वच्छ कापसाचा किंवा कापडाचा तुकडा मिळत नाही, ही गोष्ट मात्र कोणी बोलत नाही. आजचा विषय हाच आहे. तो मांडताना काहींना संकोच वाटेल. तो स्वाभाविक आहे. परंतु संकोचाची किंमत कोण मोजते, याचाही विचार व्हायला हवा.

मासिक पाळीला आपल्या भाषेत किती आडवाटेची नावे आहेत पाहा. कावळा शिवला, बाहेरची झाली, दूर बसली, अडचण आली. नाव घ्यायचे नाही म्हणून ही सारी नावे निर्माण झाली. ज्या गोष्टीचे नाव घ्यायचे नाही, तिच्यासाठी नवऱ्याकडे पैसे कसे मागायचे? दुकानदाराकडे ती कशी मागायची? ग्रामसभेत तिचा ठराव कसा मांडायचा? या प्रश्नाचे पहिले मूळ दारिद्र्यात असले तरी दुसरे मूळ या मौनात आहे आणि दोन्ही मुळे एकमेकांत गुंतलेली आहेत.

घरातला हिशेब

प्रथम दारिद्र्याचा हिशेब पाहू. एका स्त्रीला दर महिन्याला चार-पाच दिवस, दिवसाला तीन-चार पॅड, म्हणजे सरासरी पंधरा पॅड लागतात. भूमिहीन मजुराच्या घरात आई आणि वयात आलेल्या दोन मुली असतील, तर ही संख्या ४५ होते. बाजारातल्या साध्या पॅडची किंमत पाच रुपये धरली, तरी महिन्याला २२५ रुपये झाले. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची २०२५-२६ या वर्षाची दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे एका दिवसाच्या घामातला जवळजवळ पाऊण हिस्सा या एका गरजेवर जाणार. तोही काम मिळाले तर. वेचणी संपल्यानंतर उन्हाळ्यातले महिने बिनकामाचे जातात, पाळी मात्र हंगाम पाहून येत नाही.

मग घरात काय होते? किराणा येतो, दवाखान्याचे पैसे निघतात, मुलाच्या वह्या येतात आणि बाईची गरज सर्वांत शेवटी राहते. ती जुन्या लुगड्याचा तुकडा घेते. तोही अपुरा असेल तर मायलेकी तोच जपून वापरतात. तो धुवायला पुरेसे पाणी नसते, वाळत घालायला आडोसा नसतो. लोकांची नजर पडू नये म्हणून तो दुसऱ्या कपड्याखाली, गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळतो, किंबहुना वाळतच नाही, ओलाच राहतो. अशा दमट कापडात बुरशी आणि जंतू वाढतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कापड हे मुळात वाईट नाही. सुती कापड साबणाने स्वच्छ धुतले, कडक उन्हात पूर्ण वाळवले आणि चार ते सहा तासांनी बदलले, तर ते सुरक्षित असते. ज्या आज्या-पणज्यांनी कापड वापरले, त्या अडाणी नव्हत्या. कापडाला ऊन मिळू न देणारी लाज मात्र घातक आहे.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वासा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी जेमतेम आठ टक्के स्त्रियांनीच कधी तपासणी करून घेतली होती. या साऱ्या रोगांचे कारण एकच होते असे नव्हे. परंतु खेड्यातली स्त्री आपले दुखणे किती मुकाट्याने सोसते, हे जगाला प्रथम कळले ते आपल्या विदर्भातून.

लाकडाचा लगदा आणि आपला कापूस

आज बाजारात मिळणारे पॅड कापसाचे असते, अशी आपली समजूत आहे. ती बहुतांशी चुकीची आहे. त्यात पाइनसारख्या परदेशी वृक्षांच्या लाकडाचा लगदा, ओलावा शोषून घेणारी रासायनिक पूड आणि वर प्लास्टिकचे आवरण असते. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधण्यासाठी कापूस अपुरा पडू लागला, तेव्हा लाकडाच्या लगद्यापासून केलेले ड्रेसिंग वापरात आले. युद्धभूमीवरच्या परिचारिकांनी तेच आपल्या पाळीसाठी वापरून पाहिले आणि युद्ध संपल्यावर १९२० च्या सुमारास अमेरिकेत 'कोटेक्स' या नावाने ते विक्रीला आले. कापसाच्या टंचाईतून जन्मलेली ही वस्तू आज कापसाच्या जिल्ह्यातल्या बाईला विकत घ्यावी लागते आणि तीही परवडत नाही, हा दैवदुर्विलास नव्हे तर काय?

हा विपर्यास भेदण्याचा प्रयत्न आपल्याच देशातल्या एका साध्या माणसाने केला. कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगनाथम हे शाळा अर्धवट सोडलेले कारागीर. पत्नी जुन्या चिंध्या वापरते, हे पाहून ते अस्वस्थ झाले. वर्षानुवर्षे खटपट करून, लोकांची टवाळी आणि घरच्यांचा दुरावा सोसून त्यांनी बचत गटातल्या बायांना चालवता येईल असे स्वस्त यंत्र तयार केले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका पुरुषाने या विषयाला हात घातला म्हणून त्याचे पौरुष कमी झाले नाही, उलट ते उजळले, हे येथे उपस्थित असलेल्या बंधूंनी ध्यानात घ्यावे.

योजना गावाच्या वेशीपर्यंत

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०११ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून निवडक जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्यांमार्फत सहा रुपयांत सहा पॅड देण्याची योजना सुरू झाली. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, म्हणजे जुलै २०१७ मध्ये, पॅडवर १२ टक्के कर बसला. देशभर त्याविरुद्ध आवाज उठला आणि जुलै २०१८ मध्ये तो कर रद्द झाला. आफ्रिकेतल्या केनियाने हा कर २००४ सालीच काढून टाकला होता आणि स्कॉटलंडने २०२० साली कायदा करून ही साधने सर्वांना विनामूल्य केली. आपल्या राज्यात ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना सुरू झाली. जिल्हा परिषद शाळांतील ११ ते १९ वयाच्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड आणि ग्रामीण स्त्रियांना सवलतीच्या दराने पॅड द्यायचे. विक्री बचत गटांनी करायची, अशी तिची रचना होती. त्याच वर्षी जूनमध्ये जनऔषधी केंद्रांतून 'सुविधा' पॅड अडीच रुपयांना मिळू लागले आणि ऑगस्ट २०१९ पासून त्याची किंमत एक रुपया झाली. १५ ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लाल किल्ल्यावरून या एक रुपयाच्या पॅडचा उल्लेख केला. ज्या विषयाचा उच्चार घराच्या माजघरातही होत नव्हता, त्याचा उच्चार स्वातंत्र्यदिनी राष्ट्रासमोर झाला. त्याचे मोल मोठे आहे.

या प्रयत्नांना फळही आले. १५ ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी पाळीत आरोग्यदायी साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत ५७.६ टक्के होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या फेरीत ते ७७.३ टक्के झाले. परंतु त्याच आकडेवारीत शहरात ८९.४ आणि खेड्यात ७२.३ टक्के अशी दरी आहे. शिवाय ही गणती तरुणींची आहे. चाळिशीतल्या मजूर बाईची मोजदाद त्यात नाही.

आता वर मांडलेला हिशेब पुन्हा करून पाहू. तीन बायांच्या घराचे ४५ पॅड एक रुपयाच्या दराने घेतले, तर २२५ ऐवजी ४५ रुपये लागतात. ही किंमत कोणत्याही घराला अशक्य नाही. मग प्रश्न सुटायला हवा होता. तो का सुटला नाही? कारण जनऔषधी केंद्र असते शहरात किंवा तालुक्याच्या ठिकाणी आणि बाई असते तांड्यावर, बेड्यावर, वाडीवर. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, तरीही जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि घरी द्यावे लागणारे कारण हे सर्व मिळून एक रुपयाचे पॅड महाग होते. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेतून पात्र स्त्रियांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा होऊ लागले. हाती पैसा आला, परंतु वस्तू गावात नसेल तर तो पैसाही मुका राहतो. आणि गावात किराणा दुकान असले तरी गल्ल्यावर पुरुष बसलेला असतो, बाजूला चार रिकामटेकडे उभे असतात. तो पुडा वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून देतो, जणू चोरीचा माल! सोळा वर्षांची मुलगी हे सारे पाहून रिकाम्या हाताने परत फिरते. योजना अशी गावाच्या वेशीपर्यंत येते आणि वेशीवरच अडखळते.

केवळ पॅडने भागत नाही

आणखी एक गोष्ट. हाती पॅड आले म्हणजे सारे झाले, असेही नाही. सकाळी सातला शेतात गेलेली बाई संध्याकाळी परतते. उघड्या वावरात आडोसा नाही, हात धुवायला पाणी नाही, बदललेले कापड ठेवायला जागा नाही. मजुरी किलोवर असल्याने मध्येच थांबले की वजन घटते. म्हणून एकच कापड दिवसभर राहते. मांड्या सोलतात, तशीच वेचणी सुरू राहते.

श्रमजीवी बाईला हा सोसणे कुठवर नेते, याचे भीषण उदाहरण मराठवाड्याने दाखविले. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. खाडा पडला तर पैसे कापले जातात. पालावर पाणी नाही, न्हाणीघर नाही. तिशीतल्या बायांची गर्भाशये काढून टाकल्याच्या बातम्या २०१९ साली आल्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यामागे कारणे अनेक होती, दवाखान्यांचा लोभही होता. परंतु 'पिशवीच नको, म्हणजे दरमहाचा त्रास नको आणि खाडाही नको' असे एखाद्या बाईला वाटावे, ही अवस्था समाजाने तिच्यावर आणली, हे नाकारता येणार नाही. मातृत्वाची थोरवी गाणाऱ्या समाजाला हे शोभणारे नाही.

विटाळाचा प्रश्न

आता सर्वांत नाजूक मुद्दा. काही वडीलधारी मंडळी म्हणतात, 'दूर बसण्याची चाल बाईला विश्रांती मिळावी म्हणून होती.' ही भावना प्रामाणिक असेल. पण ती आजच्या वास्तवाला लावून पाहावी. भूमिहीन बाईला त्या चार दिवसांत विश्रांती कोठे आहे? दिवसभर ती दुसऱ्याच्या वावरात वाकून कापूस वेचते. तेथे तिचा विटाळ कोणाला होत नाही, कापसालाही होत नाही. संध्याकाळी घरी आली की मात्र तिला चुलीजवळ जाता येत नाही आणि थंडीत ओसरीवर झोपावे लागते. म्हणजे श्रम चालतात, फक्त आधार चालत नाही. याला विश्रांती म्हणता येईल काय? गडचिरोलीच्या माडिया वस्त्यांत 'कुर्माघर' नावाच्या झोपडीत पाळीतल्या स्त्रीला वेगळे राहावे लागते. गावाबाहेरच्या त्या मोडक्या झोपडीत साप-विंचवाचे भय असते. तिलाही विश्रांतीगृह म्हणायचे काय?

परंपरेचा आधारच हवा असेल, तर तो येथून जवळच आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे तीर्थ. तेराव्या शतकात श्री चक्रधरस्वामींनी स्त्रियांना आपल्या पंथात सन्मानाने स्थान दिले आणि पाळीचा विटाळ मानला नाही. देहाच्या इतर द्वारांतून जसे मळ बाहेर पडतात तसेच हे एक, त्यात अपवित्र ते काय, असा त्यांचा विचार होता. चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई यांनी आपल्या अभंगातून विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारला. ज्यातून देह जन्माला येतो त्यालाच अपवित्र म्हणणारा कोण, असा तो प्रश्न आहे. आसामात कामाख्या देवीच्या मंदिरात आषाढाच्या सुमारास अंबुबाची पर्व होते. देवी रजस्वला झाली, असे मानून मंदिर तीन दिवस बंद ठेवतात आणि नंतर लाखो भाविक दर्शनाला लोटतात. जो समाज देवीच्या रजाला प्रसाद मानतो, त्याने आपल्या लेकीच्या पाळीला कलंक मानावे, ही विसंगती आपणच दूर केली पाहिजे. बाहेरचा कोणी ती दाखवील, याची वाट पाहण्याचे कारण नाही.

नेरने काय करावे

येथे जमलेल्या बचत गटांच्या भगिनींपुढे यातून एक साधा मार्ग मांडावासा वाटतो. दहा घरांचा एक गट धरला आणि घरटी सरासरी तीस पॅड लागतात असे मानले, तर महिन्याला तीनशे पॅड होतात. एक रुपयाच्या दराने तीनशे रुपये. गटातल्या एकीने महिन्यातून एकदा तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाऊन जनऔषधी केंद्रातून सर्वांसाठी माल आणावा. भाडे एकदाच पडेल आणि ते सर्वांत विभागले जाईल. माल गटाच्या एका बाईच्या घरी किंवा आशाताईंकडे ठेवावा. बाईने बाईला द्यावा, म्हणजे गल्ल्याची लाज संपली. ज्या घरी त्या महिन्यात काम नाही, त्यांच्याकडून पैसे पुढच्या हप्त्याबरोबर घ्यावेत. परंतु त्या घरातल्या मुलीला रिकाम्या हाताने पाठवू नये.

ज्या भगिनींना कापडच सोयीचे वाटते, त्यांनी ते निःसंकोच वापरावे, पण ऊन दाखवून. अंगणात एक दोरी बांधायला पैसे लागत नाहीत, धैर्य लागते. आणि हे धैर्य एकीने दाखविले की चार जणींची भीड चेपते. वापरलेले प्लास्टिकचे पॅड नाल्यात किंवा विहिरीजवळ टाकू नयेत. ते वर्षानुवर्षे कुजत नाहीत. कागदात गुंडाळून ते ग्रामपंचायतीच्या कचरा व्यवस्थेत गेले पाहिजेत. तशी व्यवस्था नसेल तर ती मागणे हा ग्रामसभेचा विषय आहे. केरळात कुंबलंगी गावाने २०२२ च्या जानेवारीत पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या कपचा स्वीकार करून पॅडमुक्त गाव होण्याचा संकल्प केला. प्रत्येक गावाला तेच जमेल असे नाही, कारण त्या कपाला उकळायला स्वच्छ पाणी लागते. परंतु गावाने एकत्र बसून या विषयाचा निर्णय घेता येतो, हे त्या गावाने दाखवून दिले.

शेतमालकांचीही येथे जबाबदारी आहे. वेचणीला बाया लावताना प्यायच्या पाण्याची घागर आपण ठेवतोच. तिच्याबरोबर बांधाच्या कडेला चार काठ्या रोवून, जुनी ताडपत्री गुंडाळून एक आडोसा करावा आणि हात धुण्यासाठी एक बादली पाणी ठेवावे. एका हंगामाचा हा खर्च खताच्या एका पोत्याइतकाही नाही. शाळेतल्या शिक्षकांनी मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि नळाला पाणी आहे ना, एवढे रोज पाहावे. आणि घरातल्या पुरुषांनी काय करावे? महिन्याच्या किराण्याच्या यादीत ही एक वस्तू स्वतः लिहावी. जो नवरा किंवा बाप तो पुडा काळ्या पिशवीविना हातात धरून घरी आणेल, त्याने त्या घरातले अर्धे मौन मोडलेले असेल.

विदर्भाच्या भूमीने गाडगेबाबांसारखा संत दिला. हातात खराटा घेऊन त्यांनी गावेच्या गावे झाडली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामशुद्धीबरोबर महिलोन्नतीलाही स्वतंत्र स्थान दिले. त्यांच्या विचाराचा वारसा सांगणाऱ्या या परिसरात स्वच्छतेचे काम रस्त्यापाशी थांबून चालणार नाही. ज्या घरातली स्त्री चार दिवस ओल्या कापडात काढते, ते घर कितीही सारवले तरी स्वच्छ झाले असे म्हणता येणार नाही.

येत्या हंगामात पुन्हा बोंडे फुटतील, पुन्हा पहाटे जथे निघतील. त्या जथ्यातल्या प्रत्येक बाईच्या पिशवीत भाकरीबरोबर एक स्वच्छ कापड किंवा पॅड असावे आणि ते बदलायला बांधावर एक आडोसा असावा. तीनशे रुपये, चार काठ्या, एक दोरी आणि थोडी भीड चेपणे, एवढेच हे काम आहे. नेरच्या बचत गटांनी ते या महिन्यापासून हाती घ्यावे.